मार्थाताई, दुलारीच्या गणिताचं असं झालं

मार्थाताई, अभ्यासक्रमाची मीटिंग यंदा जेवणाच्या सुट्टीच्या आत संपली. ऐकून राहिलीस ना? तू असताना आठवडाभर चालायची ती. चहाचे थर्मास रिकामे होऊन दुसरे यायचे. एकदा तर सायन्सच्या मिश्रा सरांनी राजीनामा देतो म्हणून खुर्ची मागे ढकलली होती. यंदा नववी-दहावीचे सगळे विषय, सगळे धडे, चाचण्या, तोंडी परीक्षा, सगळं उरकून आम्ही डबे उघडले. कोणी कोणाला आडवं बोललं नाही. सगळे इतके गोड बोलत होते की माझं डोकं दुखायला लागलं. तुझ्या खुर्चीवर प्रिन्सिपल फादरांनी निशिगंधाची फुलं ठेवली होती. त्या वासानं तुला शिंकांवर शिंका यायच्या, हे तिथं फक्त मला माहीत होतं.

तुला मातीत ठेवून तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

लोक मला विचारतात, तुमची एवढी दोस्ती कशी? मी म्हणतो, दोस्ती कसली, भांडण होतं ते. मी गणिताचा मास्तर, सेक्टर दहाच्या क्वार्टरात वाढलेला, बाप स्टील प्लांटात क्लार्क. तू दुर्गच्या रेल्वे गार्डाची पोरगी, मूळची नागपूरची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. शाळेत जी पोरं चाकाच्या खुर्चीवर येतात, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना वाचायला त्रास होतो, त्या सगळ्यांची जबाबदारी तुझी. अन् त्यांना साध्या वर्गात बसवून साधा अभ्यासक्रम शिकवायचा म्हटल्यावर आम्हा बाकीच्या मास्तरांच्या मानगुटीवर बसणं हेही तुझंच काम. अख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आपण दोघंच. त्यामुळं आपण मराठीत भांडायचो. बाकीचे टेनिसची मॅच पाहिल्यासारखे एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहायचे. आपण दमून गप्प झालो की फादर हळूच विचारायचे, "तो क्या तय हुआ?" शाळेचा निम्मा अभ्यासक्रम असा कोणाला न कळणाऱ्या भाषेत ठरला, ताई. आता सगळं सगळ्यांना कळतं. काहीच ठरत नाही, नुसतं पास होतं.

तुझी पद्धत तर अशी की नवीन मास्तर पहिल्या दिवशीच घाबरायचा. मीटिंगला पुस्तक आणायचं नाही. "पुस्तक उघडू नका बाप्पा आत्ताच, पहिले पोट्टे उघडा," असं तू मला म्हणायचीस आणि हिंदीत सांगताना जरा सभ्य करून सांगायचीस. प्रत्येक धड्याला मास्तरनं उभं राहून बोलायचं, त्या तासाला वर्गातलं कोणतं लेकरू अडकेल आणि ते अडकल्यावर काय करेल. नुसतं "कमजोर बच्चे" म्हटलेलं तुला चालायचं नाही. नाव घ्यायचं. शब्बीर काय करेल? अनुपमा काय करेल? मिश्रा सर शब्बीरबद्दल म्हणाले, "वह सुन लेगा." तू म्हणालीस, "सुनता ही तो नहीं है, सर." राजीनामा तेव्हाच निघाला होता. ज्या धड्याला उत्तर नाही तो बाजूला. असे बाजूला काढलेले धडे आठवड्याच्या शेवटी आपण पुन्हा घ्यायचो, उपाशीपोटी, आणि तू समोशाची प्लेट स्वतःजवळ ओढून बसायचीस, काम होईपर्यंत कोणाला देत नव्हतीस. काय बाई होतीस!

फादरांनाही सोडलं नाहीस. शुक्रवारी एका तासाला ख्रिस्ती मुलं चॅपलात धर्मशिक्षणाला जायची आणि बाकीची वर्गात नीतिशिक्षणाला बसायची. तू म्हटलंस, एकत्र बसवा, खरं बोलणं, माफ करणं हे काय दोन-दोन प्रकारचं असते का? फादर बिचारे बिशपचं नाव काढत होते. तू म्हणालीस, "फाटक पर लिखा है हर बच्चे का स्वागत है. टाइमटेबल में भी लिख दीजिए." फादर हसले, पण तो तास एकत्र झाला. पुढे एक पालक तक्रार घेऊन आला की आमच्या मुलाला ख्रिस्ती करता काय. त्याला मीच बसवून समजावलं, तुला बोलावलं नाही. तू त्यालाही पोट्टे उघडायला सांगितलं असतंस.

मग दुलारी.

अहिवाऱ्याची पोरगी. बाप चुनखडीच्या खाणीवर गाडी चालवतो. जन्मताना काही झालं आणि तेव्हापासून हात थरथरतो, बोलणं अडखळत येतं, एक वाक्य पुरं व्हायला आपण दोन घास खाऊन घ्यावे इतका वेळ. डोकं ठीक आहे. फार हुशार म्हणशील तर नाही, ढही नाही. गणितात कच्ची. आता बोर्डाची सवलत आहे की अशा मुलांनी गणिताऐवजी दुसरा विषय घेतला तर चालतो. नववीत विषय बोर्डाकडे गेले की दहावीपर्यंत तेच. मी म्हटलं, घेऊ दे ना दुसरा विषय. साधी गोष्ट होती, ताई. मला वाटलं होतं तूच सगळ्यांच्या आधी हो म्हणशील.

तू विचारलंस, "कोणता विषय?"

मी म्हटलं, आपल्याकडे सगळेच घेतात तो, चित्रकला.

तू असं पाहिलंस माझ्याकडे! "जिचा हात थरथरते तिले चित्रकला? वा रे मास्तर! उद्या आंधळ्याले फोटोग्राफी देशील."

मला राग आला, कारण ते खरं होतं. आपण इतकी वर्षं सवलत घेणाऱ्या प्रत्येक लेकराला गणिताच्या जागी चित्रकला देत आलो होतो, शाळेत ड्रॉइंगचे सर होते म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. दयेच्या भरात हातांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. पण मी मागं हटलो नाही. म्हटलं, मग गृहविज्ञान दे, संगीत दे, काहीही दे, गणित काढ. त्या पोरीला कंपासनं कोन काढता येत नाही, लेखनिक दिला तर त्याला समीकरण सांगता सांगता पेपर संपतो. कायले जीव घेऊन राहिलीस तिचा?

"अन् दहावीनंतर?" तू म्हणालीस. "गणित नाही म्हटल्यावर पॉलिटेक्निक गेलं, आय टी आयचे अर्धे ट्रेड गेले, बँकेची परीक्षा गेली. चौदा वर्षांची पोट्टी हाय, प्रभाकर. तिची दारं आपण समोशाकडे पाहत-पाहत बंद करून राहिलो."

"नापास झाली तं सगळीच बंद होतील."

"होऊ दे नापास."

"तू बोलून जाशील, मार्क मले लिहायचे हायेत."

आणि मग तू ते बोललीस. "तुले पोट्टीची काळजी नाही. तुले तुह्या रिझल्टची काळजी हाय."

सगळे आपल्याकडे पाहत होते. कोणाला कळलं नाही. मी उठून बाहेर गेलो, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो, परत आलो तेव्हा तू पुढच्या धड्यावर पोचली होतीस. दुलारीचा विषय "बाद में" म्हणून राहिला. मग तुझा आजार निघाला आणि तो बाद में लांबतच गेला.

ते खोटं होतं, ताई. मी आजही सांगतो, ते खोटं होतं. माझा रिझल्ट कोणी विचारत नाही, माझ्या बायकोलाही माहीत नाही. मला ती पोरगी घामाघूम झालेली पाहवत नव्हती, एवढंच. तू ते वाक्य मागं घ्यायला हवं होतंस. दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा मी वाटच पाहत होतो. तुझी किडनी गेली होती, हातावर सुयांचे निळे डाग, तोंड सुजलेलं. तुझी भाची बाजूला मोसंबी सोलत होती. म्हटलं आता बोलशील. तू विचारलंस, "पोट्टीचं काय ठरलं?" मी म्हटलं, तू घरी ये, मग भांडू. तू डोळे मिटलेस. भाचीनं मला खूण केली की आता जा. मी निघालो आणि बोरसीच्या रस्त्यानं, तुझ्या घरावरूनच, स्कूटर चालवत आलो. मला तुझा राग येत होता. मरणाऱ्या माणसाचा राग येणं म्हणजे काय असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. फार घाण वाटतं, ताई.

कबरस्तानात तुझा भाऊ नागपूरहून आला होता. प्रार्थना सगळी हिंदीत झाली. शेवटी तुझ्या भावानं मराठीत चार ओळी म्हटल्या आणि त्याचा आवाज तुझ्यासारखाच निघाला. मी तिथून बाजूला झालो. पोरं आली होती, खूप आली होती. त्यांच्या चाकाच्या खुर्च्या मातीत रुतल्या आणि मिश्रा सरांनी, हो, मिश्रा सरांनी, एक-एक उचलून पुढे नेल्या. माती टाकायला दुलारी पुढे आली, पण मूठ उघडेचना तिची. आम्ही सगळे थांबलो. कोणी मदत केली नाही. तू शिकवलं होतंस ना आम्हाला, मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. उघडली शेवटी. बराच वेळ लागला.

आता मीटिंगचं सांगतो. तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो, मग फादरांनी एकेक विषय घेतला. धड्याला कोण अडकेल हे कोणीच बोललं नाही. मीही नाही. मला वाटलं दुसरं कोणी बोलेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. शेवटी फादर म्हणाले, "विशेष बच्चों के लिए, मार्था मॅडम की आत्मा की शांति के लिए, हम बोझ थोड़ा कम करें. नवमी से मैथ्स की जगह ड्रॉइंग. सबके लिए. उस पीरियड में ये बच्चे ड्रॉइंग रूम में बैठेंगे." सगळ्यांनी माना हलवल्या. तुझ्या नावानं, ताई! ज्या गोष्टीसाठी तू जन्मभर भांडलीस तिच्या उलट गोष्ट तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी पास होत होती, आणि कोणालाही ते कळत नव्हतं, कारण तुझं सगळं भांडण मराठीत झालं होतं. माझं 'गणित', 'चित्रकला' तेवढं फादरांच्या कानी राहिलं होतं. ते माझ्याकडे वळले, "प्रभाकर सर, आप तो हमेशा यही कहते थे न?"

हो. मी हेच म्हणत होतो. मी जिंकलो होतो.

मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू? मला अजूनही वाटत होतं की गणित काढावं. तू गेलीस म्हणून माझं मत बदललं नव्हतं, आणि मेलेल्या माणसाच्या प्रेमापोटी मी एका पोरीला नापास करायला निघणार नव्हतो. मी फक्त एवढंच म्हटलं की दुलारीला विचारतो. फादर म्हणाले, "पिताजी से पूछ लीजिए." मी म्हटलं, पिताजी से नहीं, उससे. आणि हे बोलताना लक्षात आलं की आपण दोघांनी त्या पोरीवरून एवढं रणकंदन केलं, ना तू मला सांगितलंस ती काय म्हणते, ना मी तिला विचारलं.

ती आली बापाबरोबर. बाप दाराशी चपला काढून उभा. त्याला बसवलं. दुलारीला म्हटलं, बेटा, मैथ्स पसंद है?

तिनं तोंड असं वाकडं केलं. शब्द यायला वेळ लागला, पण तोंडावर उत्तर आधीच होतं. "नहीं."

मी बापाकडे पाहिलं, झालं, सुटलो. "मिस को बताया था कभी?"

"बताया था."

"क्या बोलीं मिस?"

"बोलीं... मुझे भी... पसंद नहीं था."

मी हसलो, ताई. खरंच हसलो. तुला गणित आवडत नव्हतं! माझ्याशी एवढं भांडलीस त्या गणितासाठी आणि कधी बोलली नाहीस! मी म्हटलं, तो फिर छोड़ दें? ड्रॉइंग रूम में बैठना, संगीत ले लेना, जो तू बोले.

ती बापाकडे पाहत नव्हती, माझ्याकडेच पाहत होती. हात टेबलाखाली धरून ठेवला होता तिनं, दुसऱ्या हातानं. मग बोलली. पुरं वाक्य व्हायला किती वेळ लागला मला ठाऊक नाही, बाहेर घंटा होऊन गेली.

"सर, मैथ्स किसको पसंद है? क्लास में... किसी को नहीं पसंद. सब बैठते हैं. मैं भी बैठूँगी."

बाप म्हणाला, "जइसन ये कहे, सर."

तीस वर्षं गणित शिकवून राहिलो. वर्गातल्या पोरांना ते आवडत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांना कोणी विचारत नाही, आवडते का. बसतात, कुरकुरतात, एकमेकांच्या वह्या पाहतात, मला मागून नावं ठेवतात. त्या पोरीला तेवढंच पाहिजे होतं. सगळ्यांबरोबर कंटाळायचं होतं तिला. आपण दोघं पॉलिटेक्निक आणि बँक करत बसलो, ताई. तूही, हो, तूही. तुला वाटत होतं तू तिची दारं उघडी ठेवून राहिलीस. तिला तर आत्ता ज्या खोलीत बसलीय तिथून उठायचं नव्हतं, बस.

फादरांना सांगितलं, दुलारीचं गणित राहील. बाकीच्यांनाही एकेकाला बोलावून विचारू, मगच बोर्डाकडे पाठवू. फादर म्हणाले, "फिर मीटिंग लंबी हो जाएगी." मी म्हटलं, होऊ द्या. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. मिश्रा सर म्हणाले, "मैं भी बैठूँगा." दोघांनी ड्रॉइंग घेतलं, खुशीनं, एकानं तर उडीच मारली. बाकीचे राहिले वर्गात.

पण तुला गोड करून सांगणार नाही. दुलारी नापास होईल, ताई. मला आकडे कळतात. तू सुट्टीनंतर रोज तिला घेऊन बसायचीस, म्हणून ती एवढी तरी पोचली होती. मी दोन दिवस बसून पाहिलं. ती एक पायरी सांगायला घेते आणि माझा जीव वर-खाली होतो. उत्तर माझ्या तोंडात येतं, मीच बोलून टाकतो, मग ती गप्प होते. मला जमत नाही. तुला कसं जमत होतं? तुझ्यासारखी भांडकुदळ बाई, जिला मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं माहीत नव्हतं, ती रोज त्या लेकराची वाक्यं पुरी होईपर्यंत तोंड मिटून बसायची. हे तुझ्या तोंडावर एकदा सांगायला पाहिजे होतं. आता लिहून राहिलो, कोणाला उपयोग?

नवीन बाई येणार आहेत पुढच्या महिन्यात, रायपूरहून. चांगल्या आहेत म्हणे. येऊ देत.

काल नववीचा तास होता. बहुपदींचा गृहपाठ दिला होता. वह्या पाहत गेलो. दुसऱ्या बाकावर दुलारीची वही कोरी. म्हटलं, क्यों नहीं किया? म्हणाली, "भैया की... शादी थी." इतक्या वर्षांत मी त्या पोरीला कधी रागावलो नव्हतो. कोरी वही दिसली की "कोई बात नहीं बेटा" म्हणून पुढे सरकायचो. काल काय झालं कोणास ठाऊक. बाजूच्या पोरावर ज्या आवाजात ओरडलो होतो त्याच आवाजात तिच्यावर ओरडलो. "शादी भैया की थी, तेरी थी क्या? कल पूरा चाहिए, नहीं तो बाहर खड़ी रहना!" तिचे डोळे भरले. मग शेजारची पोरगी तिच्या कानाशी लागून माझ्याबद्दल काहीतरी वाईट बोलली आणि दुलारीनं मान हलवली, बरोबर आहे म्हणून. मी फळ्याकडे वळलो, खडू घेतला आणि मला लिहिता येईना. तू आजारी पडल्यापासून मी रडलो नव्हतो, ताई. दवाखान्यात नाही, कबरस्तानात नाही, घरी नाही. काल रडलो, फळ्याकडे तोंड करून, भर वर्गात, आणि मागं पोरं वाट पाहत बसली होती, सर पुढची पायरी कधी लिहितात म्हणून.